आला, आली की आलं? आंतरलिंगी पात्रांचा मँगा मराठीत वाचताना आणि सांगताना

सोलापुरात नवी पेठेजवळ आमचा सात-आठ जणांचा एक वाचनगट रविवारी सकाळी जमतो. आठवडाभरात एक मँगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचायचा आणि रविवारी पुस्तक मिटून त्यातला एखादा प्रसंग आपल्या शब्दांत मराठीतून सांगायचा, एवढाच आमचा नियम आहे. एकदा मिझुशिरो सेतोना यांच्या ‘होकागो होकेनशित्सु’ या दहा खंडांच्या मालिकेचा पहिला खंड सांगण्याची पाळी महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीची होती. ‘माशिरो जिना उतरून तळघरात आला,’ असे तिने सुरू केले आणि ती थांबली. ‘आली,’ अशी दुरुस्ती केली, आणि मग आमच्याकडे पाहून विचारले, ‘आलं म्हणू का?’ उत्तर कोणाकडेच नव्हते. माशिरो हे पात्र शाळेत मुलगा म्हणून वावरते आणि त्याच्या शरीराचा कमरेखालचा भाग मुलीचा आहे.

जपानी वाचकाला हा प्रश्न या स्वरूपात पडत नाही, कारण जपानी क्रियापदाला लिंग नसते आणि कर्ता बहुधा गाळलेलाच असतो. इंग्रजी अनुवादकाला तो सर्वनामापुरता पडतो. मराठीत सांगणाऱ्याला मात्र तो जवळजवळ दर वाक्याच्या शेवटी पडतो, आणि त्यामुळे अशा पात्राची गोष्ट मराठीत सांगणे ही वाचनाची फार कडक परीक्षा ठरते. पात्राचे लिंग कोणी ठरवले, लेखकाने, डॉक्टरने, शाळेने, अनुवादकाने की आपण, हे आपल्याला पुन्हा पुन्हा तपासावे लागते. (मी आतापर्यंत ‘पात्र’ या नपुंसकलिंगी शब्दाच्या आडोशाला उभा राहून लिहीत आहे, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आले असेलच. तो आडोसा फार काळ पुरत नाही.) त्या रविवारनंतर आम्ही जी रीत हळूहळू बसवली, ती इथे देत आहे.

सुरुवात शब्दांपासून करावी. आपल्याकडे बाळ जन्मल्याची बातमी विचारण्याचीसुद्धा एक ठरलेली पद्धत आहे: ‘पेढे की बर्फी?’ आंतरलिंगी व्यक्ती म्हणजे जिच्या शरीराने या प्रश्नाला सरळ उत्तर दिलेले नाही अशी व्यक्ती. गुणसूत्रे, बीजग्रंथी, संप्रेरके आणि बाह्य अवयव या चार गोष्टी पुरुष किंवा स्त्री या नेहमीच्या साच्यात एकत्र बसत नाहीत, तेव्हा हा शब्द वापरतात. हे उत्तर जन्मावेळीच अडते असे मात्र नाही. काही मुलींची गुणसूत्रे एक्सवाय असतात, शरीर पुरुषी संप्रेरकाला प्रतिसादच देत नाही, आणि वयात येऊनही पाळी सुरू झाली नाही म्हणून तपासणी केल्यावर ते कळते. काही पुरुषांना आपल्याकडे एक जादा एक्स गुणसूत्र आहे, हे मूल होत नाही म्हणून केलेल्या चाचणीत समजते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने या लोकांचे प्रमाण ०.०५ ते १.७ टक्के असे दिले आहे. दोन आकड्यांत एवढे अंतर पडते, कारण कोणकोणत्या स्थिती मोजायच्या यावरच मतभेद आहेत.

लिंगभाव ही याहून वेगळी गोष्ट आहे: आपण स्वतःला पुरुष, स्त्री, दोन्ही की यांपैकी काहीच मानत नाही, ही आतली जाणीव. पारलिंगी व्यक्तीची जाणीव जन्मावेळी लिहिलेल्या लिंगाशी जुळत नाही. तिचे शरीर आंतरलिंगी असेलच असे नाही. उलट बहुतेक आंतरलिंगी माणसे साधेपणाने पुरुष किंवा स्त्री म्हणूनच जगतात. सोलापूरच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर ‘तृतीयपंथी’ म्हटले की सिग्नलवर टाळी वाजवणारी माणसे येतात, किंवा सीमाभागातले यल्लम्माचे साडी नेसलेले जोगते येतात, किंवा देवळातला अर्धनारीश्वर येतो. ही तीन चित्रे एकमेकांहून वेगळी आहेत आणि आंतरलिंगी शरीर हे त्यांच्यापेक्षाही वेगळे आहे. आपल्या २०१९ च्या तृतीयपंथी हक्कसंरक्षण कायद्याने आंतरलिंगी व्यक्तींनाही पारलिंगी व्यक्तींच्याच व्याख्येत घेतले, त्यामुळे गोंधळ कागदावरही आहे. वाचताना तरी तो करू नये.

आता पुस्तके. मँगामध्ये या विषयाचे निदान तीन प्रवाह आहेत, आणि कोणते पुस्तक कोणत्या प्रवाहातले हे आधी ठरवले नाही, तर आपण रूपकाकडून वैद्यकीय सत्याची आणि आत्मकथनाकडून चमत्काराची अपेक्षा करत बसतो.

पहिला प्रवाह रूपकाचा. तेझुका ओसामु यांच्या ‘रिबोन नो किशी’मध्ये, म्हणजे १९५३ साली सुरू झालेल्या मालिकेत, राजकन्या सफायर ही एका खोडकर देवदूताच्या चुकीमुळे मुलाचे आणि मुलीचे अशी दोन हृदये घेऊन जन्मते. मुलीला गादी मिळत नाही म्हणून तिला राजपुत्र म्हणून वाढवले जाते. तेझुका ताकाराझुका गावात वाढले, जिथल्या प्रसिद्ध नाट्यमंडळीत पुरुषांच्या भूमिकाही स्त्रियाच करतात. बालगंधर्वांची छायाचित्रे पाहत वाढलेल्या मराठी वाचकाला ही उलटी बाजू लगेच कळते. सफायरचे शरीर कुठेच संदिग्ध नाही, संदिग्ध आहे तो वारसाहक्क. म्हणून तिला आंतरलिंगी म्हणण्याची घाई करू नये. तलवारबाजी ‘मुलाच्या हृदयात’ का ठेवली आहे, हे मात्र अवश्य विचारावे.

हागियो मोतो यांची १९७५ ची ‘जुइचिनिन इरु!’ ही कथा मला या प्रवाहात सर्वांत मोलाची वाटते. अंतराळ अकादमीच्या अंतिम परीक्षेसाठी दहा उमेदवारांना एका टाकून दिलेल्या यानावर पाठवले जाते, आणि यानावर पोहोचल्यावर डोकी मोजली तर ती अकरा भरतात. त्यांपैकी फ्रोल ज्या ग्रहावरून आला आहे (पाहा, मी ‘आला’ लिहिले) तिथे प्रौढ होईपर्यंत कोणाचेच लिंग ठरलेले नसते. पुरुष होण्याचा मान घरातल्या थोरल्या अपत्याला, बाकीच्यांनी स्त्री व्हायचे. परीक्षेत उत्तीर्ण झाल्यास फ्रोलला पुरुष होण्याची परवानगी मिळणार आहे. लिंग ही इथे जवळजवळ सरकारी बढती आहे. फ्रोलला पुरुषाचे शरीर हवे आहे की पुरुषाला मिळणारी मोकळीक हवी आहे, हा प्रश्न घेऊन ती कथा वाचावी, म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीची ही विज्ञानकथा एकदम घरातली होऊन जाते.

‘रान्मा १/२’ इथे फार वेळ घेण्याची गरज नाही. ताकाहाशी रुमिको यांच्या या विनोदी मालिकेत थंड पाणी पडले की मुलाची मुलगी होते आणि गरम पाण्याने पुन्हा मुलगा. मजा येते, पण खरे शरीर असे नळाखाली बदलत नाही. इचिकावा हारुको यांच्या ‘होसेकी नो कुनी’मधली रत्नरूपी पात्रे लिंगहीन आहेत, आंतरलिंगी नव्हेत. मराठीत मात्र ती सांगणे सोपे जाते, कारण आपल्याकडे ‘रत्न’ मुळातच नपुंसकलिंगी आहे.

माशिरोही रूपकाच्याच प्रवाहातला. कोणतेही ज्ञात आंतरलिंगी शरीर कमरेवर रेघ मारल्यासारखे दोन भागांत विभागलेले नसते, हे वाचणाऱ्याला स्पष्ट सांगावे. ती रेघ पौगंडातल्या भीतीची आहे. माशिरोच्या मनात पुरुष म्हणजे बळ आणि स्त्री म्हणजे दुबळेपणा हे समीकरण इतके घट्ट आहे की शरीराचा प्रश्न त्याच्यासाठी सामर्थ्याचा प्रश्न होऊन बसतो. लैंगिक हिंसेचे उल्लेख असल्यामुळे ही मालिका शाळकरी मुलांच्या हाती देऊ नये.

दुसरा प्रवाह वास्तवाचा, आणि त्यात रोकुहाना चियो यांच्या ‘आयएस’ या सतरा खंडांच्या मालिकेचे नाव आधी घ्यावे लागते. २००३ ते २००९ या काळात ती ‘किस’ या स्त्रियांच्या मासिकात आली, २००७ मध्ये तिला कोदान्शा मँगा पुरस्कार मिळाला आणि २०११ मध्ये तिच्यावर जपानी टीव्ही मालिका निघाली. तिचे मुख्य पात्र हारू आहे. हारूच्या आईवडिलांनी शस्त्रक्रिया न करता आणि सत्य न लपवता मूल वाढवण्याचा निर्णय घेतलेला आहे, आणि तरीही नोंदवहीत आणि गणवेशात एकच रकाना निवडावा लागतो. जपानमध्ये जन्माची नोंद १४ दिवसांत करायची असते, आपल्याकडे २१ दिवसांत. दोन्हीकडे घाई त्या अर्जाचीच असते.

या प्रवाहातली पुस्तके वाचताना डॉक्टरचे प्रसंग सावकाश वाचावेत. जन्मजात स्थितींपैकी काही खरोखर तातडीच्या असतात: अधिवृक्क ग्रंथींच्या ज्या विकाराला डॉक्टर सीएएच म्हणतात त्याच्या एका प्रकारात शरीरातले मीठ झपाट्याने कमी होऊन पहिल्या काही आठवड्यांतच बाळाच्या जिवावर बेतू शकते, आणि तिथे औषध ताबडतोब द्यावेच लागते. बाह्य अवयवांचे रूप ‘नीट’ करणारी शस्त्रक्रिया तशी तातडीची नसते. ती बहुधा पालकांच्या आणि नातेवाइकांच्या मनःशांतीसाठी असते. मद्रास उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये याच फरकावर बोट ठेवले, आणि त्यानंतर तमिळनाडूने जीवघेण्या परिस्थितीखेरीज आंतरलिंगी बालकांवरील अशा शस्त्रक्रियांना बंदी घातली. मँगातला डॉक्टर ‘लवकर निर्णय घ्या’ म्हणतो, तेव्हा ती घाई कोणाची आहे हे समासात पेन्सिलीने लिहून ठेवावे.

तिसरा प्रवाह लिंगभावाचा. त्यात आंतरलिंगी पात्र असेलच असे नाही. शिमुरा ताकाको यांच्या ‘होरो मुसुको’मध्ये आवाज फुटणे आणि पाळी येणे या साध्या घटना मुलगी व्हावेसे वाटणाऱ्या एका मुलाला आणि मुलगा व्हावेसे वाटणाऱ्या एका मुलीला किती हादरवतात, ते पंधरा खंडांत अत्यंत संथपणे येते. ‘शिमानामी तासोगारे’चे लेखन-चित्रण करणारे कामातानी युकी स्वतःला पुरुष-स्त्री या जोडीबाहेरचे मानतात. त्यांच्या या चार खंडांत ओनोमिची या बंदराच्या गावातला मिसोरा नावाचा शाळकरी मुलगा मुलींचे कपडे घालून पाहतो आणि ‘तू नक्की कोण?’ या प्रश्नाचे उत्तर देत नाही. उत्तर काढून घेण्याची घाई करणारा नायक तिथे चुकतो, आणि ही चूक लेखकाने त्याला सहज पचू दिलेली नाही. अशा पुस्तकात पात्राला नाव चिकटवण्याची आपली खाज वाचकाने स्वतःच ओळखावी.

पुस्तक ठरल्यावर पानाकडे वळावे. मूळ मांडणी उजवीकडून डावीकडे असते, ती सवय दोन दिवसांत होते. त्याहून अवघड आहे ते चौकटीत कोण पाहत आहे हे ओळखणे. बाराव्या शतकातल्या ‘यामाई नो सोशी’ या जपानी चित्रगुंडाळीत एक झोपलेली आंतरलिंगी व्यक्ती काढलेली आहे. जवळ तिचा ढोल आहे, आणि कोणीतरी तिचे कपडे बाजूला करून आत डोकावत हसत आहे. साडेआठशे वर्षे झाली तरी अनेक चौकटी याच डोकावणाऱ्याच्या जागी वाचकाला उभे करतात. म्हणून शरीर दाखवणारे पान आले की तीन गोष्टी पाहाव्यात: पात्राचे डोळे चौकटीत आहेत की कापलेले आहेत, त्या क्षणी बोलण्याचा फुगा कोणाचा आहे, आणि पुढच्या पानावर त्या दृश्याचा परिणाम पात्रावर होतो की फक्त बघणाऱ्यावर. त्या चित्रातल्या व्यक्तीसाठी वापरलेला जुना शब्द ‘फुतानारी’ आज मुख्यतः प्रौढांसाठीच्या अश्लील चित्रांचे लेबल झाला आहे. माहिती शोधायला म्हणून तो इंटरनेटवर टाकू नये आणि मुलांना टाकू देऊ नये.

आता मराठीत सांगण्याचे. आपल्या व्याकरणात अडचण जितकी आहे तितकीच सोयही आहे, आणि ती सोय शाळेत प्रयोग शिकवले तेव्हा आपण परीक्षेपुरती पाठ करून विसरलो. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ कर्माप्रमाणे चालतो, म्हणून ‘हारूने दार उघडले’ आणि ‘हारूने खिडकी लावली’ या वाक्यांत हारूचे लिंग उघड होत नाही. ‘हारू घरी आला’ याऐवजी ‘हारूने घर गाठले’ चालते. भावना चतुर्थीने सांगता येतात: ‘हारूला राग आला’, ‘हारूला निघायचे होते’. भविष्यकाळ पूर्ण मोकळा आहे (‘हारू जाईल’), ‘जात आहे’ आणि ‘जात असे’ ही रूपेही मोकळी आहेत, पण ‘जात होता’ म्हटले की सापडलो. ‘शहाणा’, ‘वेडा’, ‘उंचापुरा’ या विशेषणांऐवजी ‘हुशार’, ‘हट्टी’, ‘उंच’ वापरावीत. ‘त्याचे’ किंवा ‘तिचे’ यांच्या जागी नाव पुन्हा घ्यावे किंवा ‘स्वतःचे’ म्हणावे. ‘बोलणे’, ‘विसरणे’, ‘शिकणे’ ही क्रियापदे मात्र सकर्मक असूनही कर्त्याला सोडत नाहीत. तिथे वाक्यच फिरवावे लागते.

हे कसब आले की त्याचा अतिरेक होतो, असा आमचा अनुभव आहे. आमच्यातल्या एकाने संपूर्ण प्रकरण असे लिंग टाळून सांगितले आणि हारूची आई, शिक्षक, वर्गमित्र सगळे त्याच गुळगुळीत मराठीत बोलू लागले. ते चूक होते. निवेदकाच्या वाक्यात लिंग टाळावे, पण पात्रांच्या तोंडी ते जसेच्या तसे राहू द्यावे. शिक्षिका ‘ती आली नाही का आज?’ म्हणते आणि मित्र ‘कुठं गेलता रे?’ म्हणतो, त्या दोन वाक्यांच्या कात्रीतच हारू उभा आहे, उभी आहे. आणि पात्राने स्वतःबद्दल ‘मी’ म्हणून काही ठरवले असेल, तर निवेदकानेही त्या क्षणापासून तेच लिंग घ्यावे. जपानीत ‘बोकु’ आणि ‘ओरे’ हे ‘मी’ साधारणपणे मुलगे-पुरुष वापरतात आणि ‘आताशी’ मुली वापरतात, त्यामुळे पात्र आपला ‘मी’ बदलते ती चौकट महत्त्वाची असते. इंग्रजीत तो बदल पुसला जातो. मराठीत ‘आलो’चे ‘आले’ करून तो परत आणता येतो.

नपुंसकलिंगाबद्दल सावध राहावे. ‘लेकरू झोपलं’, ‘पोर दमलं’ यात माया आहे. तेच मोठ्या माणसाबद्दल ‘ते आलं बघ’ असे म्हटले की ती थुंकी असते, आणि तृतीयपंथी माणसांनी हे ‘ते’ आयुष्यभर ऐकलेले असते. आपल्या भाषेला लिंग सैल करण्याच्या याहून गोड वाटा माहीत आहेत. आई मुलीला ‘आला का माझा सोन्या’ म्हणते, पंढरपूरच्या वाटेवर पुरुष वारकरी एकमेकांना ‘माउली’ म्हणतात, आणि कमरेवर हात ठेवलेला विठोबा विठाई होतो. त्या वाटा भक्तीच्या आणि लाडाच्या आहेत, शरीराच्या नव्हेत, एवढे भान ठेवले की पुरे.

सोलापूरकरांना एक जादा साधन मिळालेले आहे, ते वापरावे. आमच्या गटात पूर्व भागातल्या पद्मशाली घरातल्या एक बाई आहेत. त्यांनी सुचवले की अडलेला प्रसंग आधी त्या तेलुगूत सांगतील. तेलुगूत ‘नेनु वच्चानु’ म्हणजे ‘मी आलो’ही आणि ‘मी आले’ही, आणि आदरार्थी ‘वच्चारु’मध्ये पुरुष-स्त्री भेद नाही. कन्नड बोलणाऱ्या मित्राने लगेच ‘नानु बंदे’ आणि ‘बंदरु’ पुढे केले. आपल्या मराठीत आदरही ‘आले’ आणि ‘आल्या’ असा वाटलेला आहे. त्या दिवशी माशिरोचा जिन्यावरचा प्रसंग प्रथम तेलुगूत झाला, मग कन्नडमध्ये, आणि शेवटी त्याच मुलीने मराठीत सांगितला: ‘माशिरोने जिना उतरायला सुरुवात केली. खाली काय आहे, ते माशिरोला माहीत नव्हते.’ ज्यांच्या घरात दोन भाषा आहेत, त्यांनी प्रत्येक कठीण पान असे दोनदा सांगून पाहावे. दुसऱ्या भाषेत जे सहज झाले ते मराठीत कुठे अडले, तिथे खूण करावी.

गट चालवणाऱ्याने दोन पथ्ये पाळावीत. ‘आमच्या गल्लीत एक होतं’ अशी सुरुवात झाली की तिथेच थांबवावे. सोलापूर मोठे असले तरी पेठा लहान आहेत, आणि गल्ली सांगितली की घर कळते. ‘खरी’ आंतरलिंगी व्यक्ती पाहुणी म्हणून बोलावण्याचा उत्साहही आवरावा. कोणाला आपणहून बोलायचे असल्यास ऐकावे, शरीराबद्दल प्रश्न विचारू नयेत.

आम्ही प्रत्येकाला एक कोरा कागद देतो. डाव्या बाजूला चौकटीचा क्रमांक, मध्ये मराठी क्रियापद, उजवीकडे ते लिंग कोणी ठरवले त्याचे नाव: डॉक्टर, आई, शाळा, अनुवादक, मी. नाव वरती लिहायचे नाही. चहा झाल्यावर कागद ज्याचा त्याने घरी न्यायचा, गोळा करायचा नाही, कारण अशा कागदावर कधी कधी मँगाबद्दल नसलेलेही काही लिहिले जाते.